ड्रिपिंग पॅनच्या गेटवरच्या काकांना

प्रिय काका,

तुमचं नाव विचारायचं राहून गेलं. लाल-काळा मफलर, पिवळं जाकीट आणि हातातला चहाचा थर्मास, एवढीच खूण माझ्याकडे आहे. पत्र मराठीत लिहितेय, कारण बाबांनी बजावलंय, "आभार मानायचे ते आपल्या भाषेत मान. मग त्यांना इंग्रजीत वाचून दाखव."

त्या शनिवारी आम्ही खरं तर लुईसला, तुमच्या ड्रिपिंग पॅन मैदानावर, येणारच नव्हतो. बाबा कोल्हापूरहून पहिल्यांदाच माझ्याकडे लंडनला आले होते. आई जाऊन आठ महिने झाले होते आणि त्या आठ महिन्यांत त्यांचं बोलणं हो-नाहीवर आलं होतं. इंग्लंडमध्ये काय बघायचंय विचारलं तर एकच उत्तर, "मॅच." एका बड्या क्लबच्या सामन्याची तिकिटं मी ऑनलाइन घेतली, भरपूर पैसे मोजले आणि आदल्या दिवशी कळलं की ती बनावट आहेत. बाबा "असू दे" म्हणाले आणि खिडकीपाशी जाऊन बसले. त्यांचं ते "असू दे" मला फार लागलं. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, व्हिक्टोरियाहून गाडी पकड, तासा-सव्वा तासात लुईस, स्टेशनातून चालत पाच मिनिटांवर मैदान. तिकीट गेटवरच मिळेल.

बाबांना मी गाडीत समजावलं की इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये वरच्या चार लीगांतले ९२ क्लब सोडले की खाली सगळं नॉन-लीग, आणि लुईसचा संघ आहे सातव्या पायरीवर. ते म्हणाले, "म्हणजे आपल्या पेठेतल्यासारखं." मी हो म्हटलं खरं, पण ते किती खरं आहे हे मला तुमच्या मैदानात आल्यावर कळलं.

गेटवर बाबा थबकले, ते तुम्ही माझ्याआधी पाहिलंत. ड्रिपिंग पॅन नावाप्रमाणेच कढईसारखं खोलगट, कडेला गवताचे उतार. गवत ओलं, आणि बाबांचे दोन्ही गुडघे गेलेले. तुम्ही काही विचारलं नाहीत. त्यांच्या दंडाला धरून सपाट वाटेनं आत नेलंत, कोपऱ्याच्या झेंड्याजवळ कठड्यामागे खुर्ची आणून ठेवलीत, तिच्यावर आपली घोंगडी अंथरलीत. मग थर्मासच्या झाकणात चहा ओतलात. बाबांना साखर जास्त लागते हेही तुम्हाला त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळलं असावं, कारण तुम्ही दोन पुड्या आणखी आणल्यात.

मी कोल्हापुरात वाढले, काका. आमच्या गावात फुटबॉल तालमींचा. पाटाकडील, दिलबहार, शिवाजी, खंडोबा, एकेका तालमीमागे अख्खी पेठ. शाहू स्टेडियमच्या पायऱ्यांवर माणूस माणसाला चिकटून बसतो आणि खाली खेळणारा पोरगा कोणाचा तरी भाचा नाहीतर शेजारी असतो. याच गावचा अनिकेत जाधव २०१७च्या १७ वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा बाबांनी गल्लीत पेढे वाटले होते. बाबा स्वतः आमच्या तालमीचे लेफ्ट आउट, म्हणजे डाव्या कडेनं चढाई करणारे.

मध्यंतराआधी तुम्ही त्यांना विचारलंत, "यू प्लेड?" बाबांनी खिशातून चिल्लर काढली. कठड्यालगतच्या बाकावर रुपया, दोन रुपये, तुमचे पेनी, सगळं मांडायला लागले. मागे दोन, मध्ये तीन, पुढे पाच. त्यांच्या वस्तादांनी शिकवलेली जुनी मांडणी. डाव्या टोकाच्या रुपयावर बोट ठेवून म्हणाले, "मी." तुम्ही वाकून पाहिलंत, समोरच्या बाजूचं एक तांब्याचं नाणं उचललंत, बरोबर त्या रुपयाच्या पुढ्यात ठेवलंत आणि स्वतःच्या छातीवर हात ठेवलात. तुम्ही राइट हाफ. बाबांना अडवायला तुम्हीच.

त्यानंतर बाबा बोलत सुटले. मराठीत. वळून कसा मारायचे, चिखलात चेंडू कसा अडायचा, आई पायऱ्यांवर कुठे बसायची. आईचं नाव त्यांनी आठ महिन्यांत पहिल्यांदा घेतलं. तुम्हाला त्यातला एक शब्द कळत नव्हता आणि तुम्ही एकदाही दुसरीकडे बघितलं नाहीत. मी मुद्दाम मध्ये पडले नाही. मैदानात काय चाललं होतं ते मला आज नीट आठवत नाही, सामना बरोबरीत सुटला एवढंच.

दुसऱ्या अर्ध्यात तुम्ही आम्हाला मैदानाच्या गोष्टी सांगितल्यात. शेजारच्या मठातले साधू या खोलगटात मीठ करायचे ही जुनी दंतकथा. उतारावरच्या त्या रंगीत लाकडी खोल्या, समुद्रकिनारी असतात तशा, ज्या तुमच्याकडे खास पाहुण्यांच्या बैठका आहेत. १८८५चा क्लब, २०१० पासून चाहत्यांच्याच मालकीचा, ज्याचा हिस्सा असेल त्याला एक मत. आणि २०१७ पासून बायकांच्या संघाला पुरुषांइतकाच पैसा. हे तुम्ही जाता जाता सांगितलंत, जणू त्यात विशेष काही नाही. मी मात्र तिथेच अडकले. लहानपणी बाबांचे बूट घासून ठेवायचे मी, आणि मैदानात उतरायची इच्छा मनातच ठेवायचे, कारण पेठेत मुलींचा संघच नव्हता. मी हे बाबांना कधी बोलले नव्हते. तुमचं वाक्य मी मराठीत करून सांगितलं, तेव्हा ते बराच वेळ गोलपोस्टकडे बघत राहिले. मग म्हणाले, "तुला खेळवायला पाहिजे होतं, पोरी."

काका, हे शब्द मला तुमच्यामुळे ऐकायला मिळाले. तुम्हाला ते माहीत असायला हवं.

निघताना झोत-दिवे लागले होते, पलीकडच्या खडूच्या टेकड्या निळसर झाल्या होत्या. बाबांनी चिल्लर गोळा केली, पण डाव्या टोकाचा रुपया तुमच्या हातात ठेवला आणि तुमचं तांब्याचं नाणं स्वतःच्या खिशात टाकलं. ते आता कोल्हापुरात देवघरात आईच्या फोटोजवळ आहे. संध्याकाळी बाबा पुन्हा स्टेडियमवर जायला लागलेत. रिक्षावाल्याला परतीची वेळ सांगून ठेवतात आणि पायऱ्यांवरचा पहिलाच दगड धरतात.

गेल्या आठवड्यात त्यांनी एक पार्सल पाठवलंय. आमच्या तालमीची जर्सी आहे, मागे ४ नंबर, राइट हाफचा. माप त्यांनी अंदाजानं घेतलंय, बाह्या कदाचित लांब होतील. पुढच्या घरच्या सामन्याला मी घेऊन येतेय, तीनच्या आत. गेटवर थांबा.

तुमची,
लेफ्ट आउटची मुलगी