माकडतापाच्या लशीसाठी नवी वाट धरा

मा. संपादक,
स. न.

काजूचा हंगाम आणि माकडतापाचा, म्हणजे गोचिडीच्या चाव्यातून होणाऱ्या विषाणूजन्य तापाचा हंगाम आमच्याकडे सिंधुदुर्गात एकच. २०१६ साली दोडामार्ग तालुक्यातल्या केर गावात हा ताप निघाला, मग बांद्याकडेही पसरला. माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी पाचोळ्यात उतरतात, आणि काजूबी वेचायला बायामाणसं नेमकी त्याच पाचोळ्यात वाकलेली असतात. अंगाला तेल लावा, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, हे सगळं योग्यच. पण एप्रिलच्या उकाड्यात दिवसभर ते पाळून दाखवावं! लस हवीच.

जुनी लस २०२२ मध्ये बंद झाली. जिवंत विषाणू कोंबडीच्या भ्रूणपेशींत वाढवायचा आणि फॉर्मलीनने मारायचा, अशी ती पद्धत. दोन डोस आणि वर बूस्टर घेऊनही काहींना ताप यायचाच. शिवाय इतका घातक विषाणू वाढवायचा तर कडेकोट प्रयोगशाळा लागते.

म्हणून नवी वाट म्हणजे विषाणूसदृश कणांची लस. तिच्यात जिवंत विषाणू वाढवावाच लागत नाही. माकडतापाच्या कुळातल्या विषाणूंची 'प्रीएम' आणि 'ई' ही कवचातली दोन प्रथिनं पेशींकडून एकत्र बनवून घेतली, की ती आपसूक जुळून गोल कण होतो. आत आरएनए, म्हणजे विषाणूचा जनुकीय ऐवज नाही, त्यामुळे तो वाढूही शकत नाही आणि रोगही देऊ शकत नाही. शरीराला मात्र खऱ्या विषाणूसारखंच कवच दिसतं आणि ते प्रतिपिंडं तयार करतं. युरोपात गोचिडीमुळेच होणाऱ्या मेंदूज्वराचा विषाणू आपल्या माकडतापाच्या जवळच्या नात्यातला. त्याचे असे कण १९९० च्या दशकातच तयार झाले आणि उंदरांवर उपयोगी ठरले.

विषाणूच्या नावाने बिचकणाऱ्यांना सांगावंसं वाटतं, की बाळांना देतात ती हिपॅटायटिस बीची लस अशा रिकाम्या कणांचीच असते. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरची 'सर्वावॅक' पुण्याची सीरम कंपनी याच तत्त्वावर बनवते. म्हणजे हे तंत्र महाराष्ट्रात आहे. राष्ट्रीय विषाणू संस्थाही पुण्यातच आहे.

अडचण पैशांची. रुग्ण थोडे, तेही रानात राबणारे. कंपन्यांना यात नफा दिसणार नाही. म्हणून राज्य सरकारने स्वतः निधी द्यावा, कर्नाटक आणि गोव्यालाही सोबत घ्यावं. सिंधुदुर्गच्या लोकप्रतिनिधींनी हा विषय येत्या अधिवेशनात मांडावा, ही कळकळीची विनंती.

— एक काजू बागायतदार, ता. सावंतवाडी