गाडीत नाही हो, गाडीच्या मागे!

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मोटारी वाहून नेणाऱ्या जुन्या विमानांवरचा आपल्या पुरवणीतला लेख काल नातवाने मला मोठ्याने वाचून दाखवला. ‘प्रवासी आपापल्या गाडीतच बसून इंग्लिश खाडी पार करत’ या वाक्यापाशी थांबून म्हणाला, “आजोबा, तुम्ही तर सांगता मागे खुर्च्या होत्या. मग खरं काय?” पेपरात छापलंय म्हटल्यावर आमच्या घरात थापाड्या कोण ठरला, हे सांगायला नको.

मी १९६४च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या लिडहून फ्रान्समधल्या ल तुकेला ब्रिस्टल सुपरफ्रेटर विमानाने गेलो आहे. गाडी माझी नव्हती, खोलीतल्या मित्राची. सेकंडहँड मॉरिस मायनर. विमानाच्या नाकाची दारं कपाटासारखी दोन्हीकडे उघडलेली. किल्ली तिथल्या माणसाने मागून घेतली आणि गाडी त्यानेच वर चढवली. अशा तीन गाड्या एकामागे एक आत गडप झाल्या. आम्ही चढलो मागच्या दाराने. मधे भिंत, पलीकडे गाड्या, अलीकडे खुर्च्यांवर आम्ही.

उड्डाण जेमतेम वीस मिनिटांचं. तेवढ्यात मित्राने एकच प्रश्न किती वेळा विचारला असेल! “त्याने हँडब्रेक ओढला असेल ना रे?” इंजिनांच्या आवाजात मला ऐकू येत नसे, मी “काय?” म्हणे, की तो पुन्हा तेच. चाकं धावपट्टीला टेकली तेव्हा त्याने डोळे मिटून उजवा पाय कचकन दाबला. खरोखर गाडीत बसवला असता तर काय केलं असतं कोण जाणे. आपल्या लेखकमहाशयांनी याचा विचार करावा.

आता फोटो. खाली लिहिलंय ‘ब्रिस्टल’, आणि चित्रात चार इंजिनं! ब्रिस्टलला दोनच. चाकंही कधी पोटात गेली नाहीत, उडतानाही लोंबतच असायची. तुम्ही छापलंय ते कार्व्हेअर. ब्रिटिश विमान-उद्योजक फ्रेडी लेकर यांनी काढलेल्या कंपनीने जुनी डग्लस डीसी-४ विमानं घेऊन, वैमानिकांची खोली वर उचलून, नाक लांबवून बनवलेलं. पाच गाड्या मावत. अशी एकूण २१च झाली. मोजायला चारच इंजिनं होती हो, चाळीस नव्हती.

पुढे तर कहरच. म्हणे कार्व्हेअरच्या डोक्यावरचं ते टेंगूळ ‘जंबो जेटवरून उचललं’. कार्व्हेअर पहिल्यांदा उडालं १९६१मध्ये, जंबो १९६९मध्ये. नातवावरून आजोबांचं नाक आलं म्हणायचं का?

आणि मराठी वाचकासाठी लिहिताना एक गोष्ट तरी सांगायची होती. ही मोटारींची विमानसेवा १९४८मध्ये सुरू केली सिल्व्हर सिटी कंपनीने, आणि त्याच कंपनीची विमानं आदल्या वर्षी फाळणीतल्या निर्वासितांची ने-आण करत होती. त्याला एक ओळ मिळाली नाही. शेजारी सोफासेटच्या सेलला मात्र अर्धं पान. असो, आपलाही धंदा आहे.

चूकदुरुस्ती छापालच. फक्त नेहमीसारखी निविदांच्या खाली मुंगीएवढ्या अक्षरांत नको; आमच्या नातवाला दिसेल अशी छापा.

कळावे, लोभ असावा.
आपला,
एक जुना वर्गणीदार, ठाणे

ता. क. : याच पुरवणीत मागच्या शब्दकोड्याची उत्तरं नाहीत. आडवा शब्द ११, चार अक्षरी, शेवटी ‘ळ’. रविवारपासून अडकून पडलोय.