अन्याला पत्र : आपलं मत कुणाच्या बाजूने?

पुणे

प्रिय अन्या,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. इस्रायल-पॅलेस्टाइनबाबत भारत छान बॅलन्स साधतो, कधी इकडे मत देतो, कधी तिकडे, आणि परराष्ट्र धोरणात निःपक्षपातीपणा म्हणतात तो हाच, असं तू लिहिलंस. मला हे अजिबात पटलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

27 ऑक्टोबर 2023 चंच घे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेपुढे गाझातली लढाई थांबवण्याचा आणि तिथे मदत पोचू देण्याचा ठराव आला. त्यात हमासचं नावच नव्हतं. कॅनडाने हमासचा निषेध करणारी दुरुस्ती मांडली आणि भारताने तिला मत दिलं. योग्यच केलं. 7 ऑक्टोबरला इस्रायलमध्ये सुमारे 1200 माणसं मारली गेली, 251 जणांना ओलीस नेलं. ते कुणी केलं हे म्हणायला का कचरायचं? आपल्या अलिबाग-पेणकडचे बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, इस्रायलमध्ये अश्दोद, दिमोना, लोदला जाऊन राहिलेत, अजून मराठी बोलतात. भोंगा वाजला की पोरांना घेऊन आश्रयखोलीकडे पळणाऱ्यांत तेही असतात. त्यांची भीती खरी आहे.

पण दुरुस्ती पडली आणि मूळ ठरावावर भारत तटस्थ राहिला. माझा राग इथे आहे. निषेधाचं वाक्य नाही म्हणून गाझातल्या लेकरांना पाणी आणि औषधं मिळावीत या मागणीलाही मत द्यायचं नाही? डिसेंबरात आपण युद्धबंदीच्या बाजूने गेलो. जून 2025 मध्ये पुन्हा तटस्थ, तेही 149 देश बाजूने असताना. तोवर गाझात 50 हजारांहून जास्त माणसं गेली होती. मागणी तीच, मेलेल्यांचा आकडा वाढलेला, आणि मत मात्र मागे घेतलेलं. याला तू बॅलन्स म्हणतोस?

जमत नाही असंही नाही रे. सप्टेंबर 2025 मध्ये आमसभेत न्यूयॉर्क जाहीरनाम्यावर मतदान झालं. हमासचा हल्ला निषेधार्ह, त्यांनी शस्त्रं खाली ठेवावीत. गाझाची उपासमारही निषेधार्ह, इस्रायलने पॅलेस्टिनी जमिनीवर वसाहती उभारणं थांबवावं, स्वतंत्र पॅलेस्टाइन व्हावं, हे सगळं एकाच मसुद्यात. 142 देशांनी बाजूने मत दिलं, त्यात भारतही होता. त्या दिवशी मला मनापासून बरं वाटलं.

आणि नुसत्या मतांवर तरी काय आहे? 1991 मध्ये इराकच्या सद्दामची स्कड क्षेपणास्त्रं तेल अवीववर पडायला लागली तेव्हा अमेरिकेच्या थोरल्या बुशने इस्रायलला ती हवेतच पाडणारी पेट्रियट यंत्रणा पाठवली. त्याच वर्षी इस्रायलने 10 अब्ज डॉलरच्या कर्जाला हमी मागितली, तर त्यानेच ती आधी लांबणीवर टाकली आणि पुढच्या वर्षी व्याप्त प्रदेशातल्या वसाहती थांबवल्याशिवाय ती द्यायला नकार दिला. अमेरिकेतल्या समर्थकांनी गदारोळ केला, तरी तो हटला नाही. इस्रायली माणसाचा जीव वाचवायचा आणि पॅलेस्टिनी माणसाची जमीनही जाऊ द्यायची नाही, दोन्ही एकाच माणसाने केलं. मी निःपक्षपाती म्हणतो ते याला. पुढे त्याच देशाने हा हट्ट सोडला आणि वसाहती वाढतच गेल्या.

आपल्या हातात अमेरिकेएवढा पैसा नाही, कबूल. पण जानेवारी 2024 मध्ये रोहतकला भरती झाली ती आठव. शटरिंग, प्लास्टर, टाइल्स बसवणारे, सळया वाकवणारे, सगळे इस्रायलला जायला रांगेत. गरीब पोरं, इथे काम नाही, त्यांना मी एका शब्दाने दोष देणार नाही. पण युद्ध सुरू होताच इस्रायलने ज्या पॅलेस्टिनी मजुरांचे कामाचे परवाने बंद केले, त्यांच्याच जागी ही पोरं जात होती. वेस्ट बँक या इस्रायलव्याप्त पॅलेस्टिनी भागातल्या अशा एखाद्या गवंड्याच्या घरची चूल विझली, आणि त्याच्या जागी माणूस पाठवताना आपल्या सरकारने त्याच्यासाठी निदान एक अट तरी घालायला हवी होती. पॅलेस्टिनी निर्वासितांच्या संस्थेला आपण दरवर्षी 50 लाख डॉलर देतो, ते चांगलंच आहे. पण त्याने त्या गवंड्याला काम परत मिळत नाही.

मतांचा हिशेब तू मांडलास, या गवंड्याबद्दल तुझं काय म्हणणं आहे ते पुढच्या पत्रात लिही. वहिनींना नमस्कार.

तुझाच,
दिनू