चार हजारच्या खाली

कोलंबस, इंडियाना
१४ सप्टेंबर

प्रिय पक्या,

शेवरलेची कॉर्व्हेट ही स्पोर्ट्स गाडी मी घेतोय, ती पहिले काही मैल बेताने चालवून मुरवायची, म्हणजे रन-इन करायचं, असं मी रविवारी फोनवर सांगितलं, तर तू म्हणालास, "रन-इन बिन-इन सब झूट! पहिल्या दिवशीच पिळून काढ." मी गप्प बसलो, कारण वैशाली शेजारी बसली होती आणि तिच्यासमोर हा विषय काढायची आता सोय राहिलेली नाही. शिवाय फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस. कागदावर तुझा इलाज चालत नाही, म्हणून हे पत्र.

आधी खबर. मंगळवारी गाडी ३४०० वर आली. आपल्याकडे पीएनआर टाकून वेटिंग किती सरकलं ते बघतात ना, तसा इथे कॉर्व्हेटच्या ऑर्डरला आकडा असतो. ११०० म्हणजे डीलरने ऑर्डर टाकली. २००० म्हणजे कंपनीने ती उचलली. ३००० ला ती कारखान्याच्या नियोजनात बसते, ३४०० ला कागद लाइनवर जातात, ३८०० ला गाडी बनून उतरते. मग ४२०० ला निघते, ५००० ला पोचते आणि ६००० ला आपली होते. माझी ११०० वर पाच महिने ठाण मांडून होती. रोज सकाळी चहाचा कप घेऊन मी आकडा बघायचो आणि वैशाली न बघताच विचारायची, "हलला का मारुती?"

तुला शेवरले म्हटलं की तळेगावला बनायची ती छोटी बीट गाडी आठवते, हे मला ठाऊक आहे. ती आठवण जरा बाजूला ठेव. ही मधोमध इंजिन असलेली, ६.२ लिटरची, आठ सिलिंडरची व्ही-एट आहे. झेड-फिफ्टीवन पॅकेज घेतलंय, म्हणजे ४९५ घोडे. १९५३ साली पहिल्या वर्षी फ्लिंटमध्ये तीनशेच बनल्या होत्या, सगळ्या पांढऱ्या. आता केंटकीतल्या बोलिंग ग्रीनला बनतात, १९८१ पासून. हे मॉडेल कारखान्यातून उजव्या स्टिअरिंगचंही निघतं. जपान, इंग्लंड, ऑस्ट्रेलियात जातं, आपल्याकडे येत नाही. गिअरचा दांडा मात्र कुठल्याच देशात मिळत नाही. आठ गिअर, दोन क्लच, आणि डाव्या पायाला काम शून्य. ह्याचं दुःख मी तीन महिने केलं, मग ऑर्डर दिली.

वाट बघण्याचं म्हणशील तर मी त्या घराण्यातलाच आहे. बाबांनी चेतक नोंदवली तेव्हा मी बालवाडीत होतो. नंबर लागला तेव्हा सातवीत. ज्यांचा कुणी परदेशात असेल आणि डॉलर भरू शकेल, त्यांना स्कूटर लवकर मिळायची. आमचं कोण होतं परदेशात? आली तेव्हा पहिले दोन महिने बाबांनी काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही. दर रविवारी सकाळी एकटेच आळंदीला जाऊन यायचे, देवाला नव्हे, किलोमीटर भरायला. आई म्हणायची, "माऊलींना तरी सांगा, कशासाठी येता ते." हजार किलोमीटर झाल्यावर मगच आई मागच्या सीटवर बसली. तू बघितलीस ती गाडी तेव्हा वीस वर्षांची होती, आणि तिसऱ्या किकला नेमकी सुरू व्हायची.

आता हसू नकोस. गाडी यायच्या आधीच मी रन-इन सुरू केलंय, घरातल्या जुन्या कोरोलावर. दोन आठवडे क्रूझ कंट्रोलला हात लावलेला नाही. वेग सारखा बदलता ठेवतो, पन्नास, साठ, पुन्हा पंचावन्न. सिग्नलला लांबूनच हळूहळू ब्रेक. आरपीएमचा काटा चार हजारच्या खाली ठेवायचा हा नियम तर कोरोला जन्मापासून स्वतःहून पाळत आलीय. परवा ऑफिसमधला एक पोरगा माझ्या मागून चालला होता, दुसऱ्या दिवशी काळजीने विचारतो, "सर, तब्येत बरी आहे ना?" तो कर्वेनगरचाच. ह्या गावात इंजिनाच्या धंद्यामुळे निम्मं कोथरूड येऊन राहिलंय, त्यामुळे ही बातमी गणपतीच्या आरतीपर्यंत सगळीकडे पोचली.

तर मूळ मुद्दा. तुझी टू-स्ट्रोक दुचाकी.

१९८८ चा पावसाळा. गाडी घेऊन तीन आठवडे झाले होते, काट्यावर सहाशे किलोमीटर. साताऱ्याला निघालो. शिरवळला मी म्हणालो, दहा मिनिटं थांबू, इंजिन गार होऊ दे. तू म्हणालास, वारा लागतोय की, गारच आहे. आणि खंबाटकीच्या चढावर ट्रक मागे टाकायला तू दुसरा गिअर टाकून जी पिळलीस, ती तिसऱ्या वळणावर एकदम "चीं" झालं आणि मागचं चाक जागच्या जागी बसलं. तुझा डावा हात क्लचवर गेला म्हणून आपण आज एकमेकांना पत्रं लिहितोय. पिस्टन धरला होता, म्हणजे सिलिंडरमध्ये अडकून बसला होता. गाडी वळवून न्यूट्रलवर उतार उतरत पारगाव-खंडाळ्याला आलो, तिथल्या मेकॅनिकने हेड काढलं, पिस्टनवर उभे ओरखडे, एका बाजूला अॅल्युमिनियम लोण्यासारखं पुसलं गेलेलं. तो एवढंच म्हणाला, "नवी हाय नव्हं?" बोअरिंगला पुण्यात दोनशे रुपये गेले. तू वडिलांना सांगितलंस की पेट्रोलमध्ये भेसळ होती.

भेसळ नव्हती, पक्या. अॅल्युमिनियम तापलं की बिडाच्या सिलिंडरपेक्षा जास्त फुगतं. नव्या गाडीत दोघांमधलं अंतर आधीच तंग असतं. त्यात चढ, डबलसीट, आणि टू-स्ट्रोकमध्ये ऑइल येतं ते पेट्रोलबरोबरच. ही साधी गोष्ट आपल्याला थर्मोडायनॅमिक्सच्या पेपरात साठ मार्क मिळूनही कळली नव्हती.

पण मी तीस वर्षं टेस्ट बेडवर इंजिनं चालवली आहेत, म्हणून प्रामाणिकपणे एक कबूल करतो. तुझं अर्धं बरोबर आहे. सिलिंडरच्या आतल्या भिंतीवर होनिंगच्या, म्हणजे घासकामाच्या, तिरक्या रेघा असतात, जाळीसारख्या. त्या रेघांत ऑइल टिकतं, आणि रेघांची टोकं पिस्टनच्या रिंगांनी घासून सपाट व्हायची, ह्यालाच पूर्वी रन-इन म्हणायचे. आता ती टोकं कारखान्यातच छाटून देतात. रिंग भिंतीला दाबली जाते ती मुख्यतः तिच्या मागे शिरलेल्या वायूच्या दाबाने, आणि दाब यायचा तर इंजिनावर भार पाहिजे. नवं इंजिन नुसतं भुरभुरत, लाडात ठेवलं तर भिंतीवर चकाकी धरते, रिंग बसत नाही आणि गाडी जन्मभर ऑइल पिते. डिझेलमध्ये हे मी डोळ्यांनी पाहिलंय. नव्या जनरेटरला भार न देता तासन्‌तास चालवणाऱ्यांशी माझी भांडणं झालीयत. म्हणजे बाबांची आळंदीची वारी, चाळीसच्या एका वेगात, शास्त्राला धरून नव्हती. हे त्यांना सांगायची हिंमत मला कधी झाली नाही.

म्हणून कॉर्व्हेटच्या पुस्तकात "हळू चालवा" एवढंच लिहिलेलं नाही. पहिले ५०० मैल, म्हणजे आठशे किलोमीटर, चार हजार आरपीएमच्या वर जायचं नाही, पूर्ण थ्रॉटल देऊन सुटायचं नाही, आणि एका वेगात चालवायचं नाही, ना जोरात ना हळू. वरच्या गिअरमध्ये इंजिनाला रडत रडत ओढायला लावायचं नाही. भार द्यायचा, काढायचा, पुन्हा द्यायचा. पहिले २०० मैल करकचून ब्रेक नाही, कारण पॅड आणि डिस्क एकमेकांना ओळखत नसतात. वळणंही बेताने, नव्या टायरची पकड पूर्ण आलेली नसते. आणि १५०० मैल होईपर्यंत ट्रॅकवर न्यायची नाही. हे सगळं वाचून तुझ्यासारखे लोक काय करणार हे कंपनीलाही माहीत असावं, कारण पहिल्या पाचशे मैलांत गाडीच खालच्या गिअरमध्ये टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, हातची राखून देते. तू कितीही पीळ.

पिस्टन काही धरणार नाही, तेवढी मला अक्कल आहे. पण गिअरबॉक्स आहे, डिफरन्शिअल आहे, त्यांचे दात आहेत, त्यांना कुणी कारखान्यात आठवडाभर चालवून दिलेलं नसतं. पाचशे मैल म्हणजे माझे दोन शनिवार-रविवार. छप्पन्न वर्षं थांबलो, त्यात दोन रविवारांचं काय घेऊन बसलास?

गाडी मी डीलरकडे घेत नाहीये. बोलिंग ग्रीनला कारखान्यासमोरच कॉर्व्हेटचं म्युझियम आहे, ऑर्डरमध्ये आर-एट-सी हा कोड घातला की गाडी तिथे म्युझियमच्या आत मांडून ठेवतात आणि समोर उभं राहून आपल्या ताब्यात देतात. अमेरिकन लोक हे इतक्या भक्तिभावाने करतात की नारळाचीच कमी वाटते. नारळ मी नेणार आहे, फोडायचा पार्किंगमध्ये, परवानगीच्या भानगडीत न पडता.

ह्याच म्युझियममध्ये १२ फेब्रुवारी २०१४ च्या पहाटे जमीन खचली. आत कुणी नव्हतं. पिवळ्या शंकूसारखी एक इमारत आहे, तिच्या फरशीला भगदाड पडून आठ कॉर्व्हेट तीस फूट खाली गेल्या, त्यात दहा लाखावी गाडीसुद्धा. तो सगळा मुलूख चुनखडीचा, खालून पोकळ. जवळच मॅमथ केव्ह ही प्रचंड गुहा आहे. त्यातली झेडआर-वन मॉडेलची एक गाडी बाहेर काढल्यावर थोड्या खटपटीने स्वतःच्या इंजिनावर चालली. तीन नीट केल्या, पाच चेपलेल्याच ठेवल्या आणि लोक त्या बघायला रांगा लावू लागले. आपलं नशीब बघ, तुझ्या पिस्टनला कुणी तिकीट लावलं नाही.

परतीचा रस्ता मी कागदावर काढलाय. म्युझियमच्या दाराशीच आय-६५ हा मोठा हायवे लागतो तो सरळ घरापर्यंत, पण त्यावर तीन तास एकाच वेगात, म्हणजे नेमकं जे करायचं नाही तेच. म्हणून जुना रस्ता घ्यायचा, थर्टीवन-डब्ल्यू, पूर्वीचा डिक्सी हायवे. केव्ह सिटी, मनफर्डव्हिलला ग्रीन नदी, एलिझाबेथटाउन, मग फोर्ट नॉक्स, जिथे अमेरिकेचं सोनं ठेवलंय. ती इमारत रस्त्यावरून दिसते, थांबायचं मात्र नाही. सगळा चढ-उतारांचा टापू, दर चार-पाच मैलांवर गाव, गावात सिग्नल. रन-इनला असा रस्ता मुद्दाम बांधून मिळणार नाही. लुइव्हिलला ओहायो नदी ओलांडायची आणि यूएस-३१ धरून स्कॉट्सबर्ग, सीमोरवरून घरी. सगळं मिळून दोनशे मैलांच्या आसपास भरतं. म्हणजे ब्रेकचं व्रत आमच्या गल्लीच्या तोंडाशी सुटणार. मी हे वैशालीला नकाशावर दाखवलं तेव्हा ती म्हणाली, "आणि दारात आल्यावर करकचून ब्रेक मारणार आहेस का?"

तिचा निर्णय झालाय. तीन तासांच्या प्रवासाला सहा तास लावणाऱ्या माणसाशेजारी ती बसणार नाही. जाताना कोरोलातून मला सोडेल, म्युझियममध्ये फोटो काढेल आणि हायवेने पुढे येऊन झोपेल. ह्या गाडीला सीटं दोनच. उजवी रिकामी आहे.

तू ऑक्टोबरमध्ये लेकीकडे शिकागोला येतोच आहेस. तिथून आमचं घर चार तास. डिलिव्हरी ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यात धरून चाल, तेव्हा केंटकीतली झाडं लाल-पिवळी असतील. वहिनींना वैशालीबरोबर कोरोलात बसवू, त्या दोघींना आपल्याबद्दल बोलायला तीन तास मिळतील. पहिले सत्तरेक मैल मी चालवेन. एलिझाबेथटाउनला चहा, म्हणजे तिथे जे काय मिळेल ते, आणि मग किल्ली तुझ्याकडे. अट एकच, ती वर लिहिली आहे. चढावर समोर ट्रक आला तर त्याच्या मागेच राहायचं. मी तुझ्या उजव्या पायाकडे बघत बसणार आहे.

एक काम कर. तो पिस्टन तुझ्या टेबलावर अजून असेल, पेनं ठेवायला. येताना बॅगेत टाक. चेक-इनच्या बॅगेत, हातातल्या नको, नाहीतर सिक्युरिटीला पेट्रोलमधल्या भेसळीची गोष्ट सांगत बसशील. बोलिंग ग्रीनपासून घरापर्यंत तो मला डॅशबोर्डवर, तुझ्या डोळ्यांसमोर ठेवायचाय.

वहिनींना नमस्कार. तारीख पक्की झाली की आकडा कळवतो.

तुझा,
सुध्या