रस्त्याकडेच्या टायरवाल्या चाचांना आभाराचे पत्र

आदरणीय चाचा,
सविनय नमस्कार.

मे 2024 मध्ये, भर दुपारी पारा 45 च्या आसपास असताना, कारंजा लाडच्या बाहेर आपल्या टिनाच्या दुकानासमोर एक जुनी पांढरी गाडी थांबली होती आणि मागच्या सीटवर धोतर-टोपीतले एक म्हातारे गृहस्थ बसले होते. ती गाडी माझी आणि ते माझे वडील. दुसऱ्या दिवशी सकाळी नागपूरला त्यांच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया ठरलेली होती. आपल्याकडे रोज कितीतरी गाड्या येतात, त्यामुळे आपल्याला हे आठवत नसेल; पण त्या दिवशी आपले आभार न मानता मी घाईने निघालो, ही रुखरुख मला आजही आहे.

माझी मागणी एवढीच होती, की पुढच्या डाव्या चाकातली हवा उतरते आहे, पंक्चर काढून द्यावे, म्हणजे आम्ही समृद्धी महामार्गाने निघू. आपण टायरवर साबणाचे पाणी मारून बुडबुडे पाहिले, खिळा नक्षीच्या भागात आहे, बाजूच्या भिंतीत नाही, याची खात्री केली आणि तरीही टायर रिमवरून उतरवला. मला तो वेळखाऊपणा वाटला. कमी हवेवर चाललेल्या टायरची भिंत आतून घासली गेली, तर आत रबराचा काळा चुरा सापडतो आणि असा टायर पंक्चर काढूनही भरवशाचा राहत नाही, हे आपण बॅटरीच्या उजेडात आतली बाजू दाखवत समजावले. चुरा नव्हता. पण टायर उलटा करताच आपण थांबलात.

माझा तळहात धरून आपण तो टायरच्या नक्षीवरून बाहेरून आत फिरवला, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत लागले आणि दुसऱ्या दिशेने, बैलाच्या पाठीवर केसांच्या उलट हात फिरवावा तसे, प्रत्येक कडा बोटांना टोचत गेली. बाहेरून भरपूर नक्षी दिसणारा तो टायर आतल्या कडेला झीज दाखवणाऱ्या 1.6 मिलिमीटरच्या खुणेच्याही खाली गेलेला होता. घासलेल्या टायरच्या गाड्यांना समृद्धीवर जाऊ देत नाहीत, हे मी ऐकून होतो आणि आपले टायर चांगले आहेत, अशा समाधानात होतो. आतली कड वाकून पाहण्याचे मला कधी सुचलेच नव्हते. त्यानंतर गाडी जॅकवर असतानाच आपण चाक बसते तो भाग दोन्ही बाजूंनी धरून हलवला आणि टाय रॉडच्या, म्हणजे स्टिअरिंगला चाकाशी जोडणाऱ्या दांड्याच्या, ढिल्या टोकाचा 'खट्' आवाज मला ऐकवला.

हे टायर मी 2023 च्या दिवाळीत एका मोठ्या, काचेच्या दाराच्या दुकानातून नवे म्हणून घेतले होते आणि अलाइनमेंटचेही, म्हणजे चाके सरळ रेषेत लावून घेण्याचेही, पैसे मोजले होते. टाय रॉड ढिला असताना केलेले अलाइनमेंट टिकत नाही, हे तिथे कोणी बोलले नाही. आपण टायरच्या भिंतीवरचे चार आकडे वाचायला लावले तेव्हा 1419 निघाले. म्हणजे 2019 सालचा चौदावा आठवडा. मी नवा म्हणून घेतलेला टायर घेतानाच साडेचार वर्षांचा होता. तिथला सोफा आणि थंड पाणी पाहून मी विश्वास ठेवला होता, हे लिहिताना लाज वाटते.

आपल्याकडे माझ्या मापाचा एक जुना टायर होता. मी अडलेला होतो आणि आपण सांगाल ती किंमत दिली असती. आपण म्हणालात, "हा टायर मी माह्या जावयाले देनार नाही, तं तुमाले कसा देऊ?" स्टेपनी तपासून ती पुढे लावलीत, नट हाताच्या पान्याने समोरासमोरचे धरून आवळलेत, दारावरच्या पट्टीत लिहिल्याप्रमाणे 33 हवा भरलीत. ऊन आहे, थोडी कमी ठेवा, असे मीच म्हणालो, तर कमी हवेने टायर जास्त दबतो आणि उलट जास्त तापतो, असे सांगून आपण मला गप्प केले. 120 च्या वेगाच्या रस्त्यावर या चाकांनी जाऊ नका, जुन्या रस्त्याने 70-80 ने जा, हाही सल्ला दिलात आणि घेतले फक्त पंक्चरचे पैसे.

एका कारंज्यातून निघून दुसऱ्या कारंज्यावरून, म्हणजे वाटेतल्या कारंजा घाडगे गावावरून, आम्ही रात्री नागपूरला पोहोचलो. 50-100 किलोमीटरनंतर नट पुन्हा पाहा, असे आपण बजावले होते. अमरावतीजवळ पाहिले तेव्हा एक नट पाव फेरा फिरला. नागपुरात दोन टायर घेतले, ते आकडे वाचूनच. आधी टाय रॉडचे टोक बदलून घेतले, काढलेला जुना भाग मागून घेतला आणि अलाइनमेंटच्या आधीच्या व नंतरच्या मापांचे दोन्ही कागद छापून मागितले. एका दुकानदाराने कागदाचे नाव काढताच तोंड वाकडे केले, म्हणून त्याच्याकडून निघून शेजारच्याकडे गेलो. आता स्टिअरिंग सोडले तरी गाडी डावीकडे ओढत नाही.

वडिलांचा डोळा उत्तम आहे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीसाठी ओळखीतल्या एकाने दोन टायर स्वस्तात देऊ केले आहेत. वडिलांनी ते पुसून चार आकडे स्वतः वाचले आणि भिंतीवरच्या बारीक भेगाही त्यांनीच दाखवल्या. सौदा अजून केलेला नाही. पोळा झाल्यावर दोन्ही टायर आपल्याकडे घेऊन येतो, आपण हात लावून सांगा.

आपला आभारी,
त्या पांढऱ्या गाडीचा मालक