दोष कोणाचा आणि बदनामी कोणाची : केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्र्यांना खुले पत्र

मा. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्री यांस,

स. न. वि. वि.

गेल्या वर्षी पुण्याहून साताऱ्याला परतताना खंबाटकी घाटातल्या एका वळणावर माझ्या तीन वर्षांच्या गाडीचे स्टिअरिंग एकाएकी जड झाले आणि समोर पिवळा दिवा लागला. सर्व्हिस सेंटरला तीन खेपा झाल्या. तिन्ही जॉबकार्डांवर तक्रारीच्या रकान्यात ‘जनरल चेकअप’ एवढेच लिहिले आहे. तिसऱ्या खेपेला स्टिअरिंगची मोटर वॉरंटीत बदलून मिळाली, पैसाही घेतला नाही. पण बदललेल्या भागाचा कागदावर उल्लेख नाही, आणि त्याच दिवशी शेजारच्या रॅम्पवर त्याच मॉडेलच्या दुसऱ्या गाडीचे तेच काम चालले होते. कंपनीचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही, कारण एका गाडीवरून अख्खी कंपनी वाईट ठरवण्याची आपली सवय हाच या पत्राचा अर्धा विषय आहे.

कोणती गाडी ‘लागत नाही’ हे आमच्याकडे वडापच्या (खाजगी प्रवासी जीपच्या) थांब्यावर आणि गॅरेजमध्ये ठरते आणि एकदा ठरले की सेकंडहँड बाजारात त्या गाडीला गिऱ्हाईक मिळत नाही. नॅनोचे उदाहरण आपल्यासमोर आहे. २००९-१० मध्ये मोजक्या गाड्यांनी पेट घेतला. रचनेत दोष नाही असे टाटा मोटर्सने सांगितले, तरीही एक्झॉस्ट आणि वायरिंगला जादा संरक्षण फुकट बसवून देऊ केले, मात्र त्याला रिकॉल, म्हणजे सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणे, म्हणायचे टाळले. लोकांच्या लक्षात जळती गाडी राहिली, दुरुस्ती राहिली नाही. अमेरिकेत ऑडीचे याहून विचित्र झाले. गाडी आपोआप वेग घेते असा टीव्हीवर गवगवा झाला आणि १९८५ मध्ये ७४ हजारांच्या घरात असलेली वार्षिक विक्री १९९१ पर्यंत १२ हजारांवर आली. बहुतेक प्रसंगांत चालकाचा पाय ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटरवर पडला होता, हा सरकारी तपासाचा निष्कर्ष १९८९ मध्येच आला होता. तोवर व्हायचे ते नुकसान होऊन गेले होते.

मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये घातलेल्या कलम ११०-अ नुसार सदोष वाहने परत बोलावण्याची सक्ती करता येते. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या नियमांत सात वर्षांच्या आतील वाहनांसाठी १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही आहे. पण हा डोलारा बऱ्याच अंशी वाहनमालकांच्या तक्रारींच्या संख्येवर उभा आहे, आणि सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवरच तक्रारीचे ‘जनरल चेकअप’ होत असेल, तर संख्या भरणार कशी?

म्हणून माझी विनंती अशी की जॉबकार्डावर ग्राहकाची तक्रार त्याच्याच शब्दांत लिहिणे आणि वॉरंटीत बदललेल्या भागाचे नाव नोंदवणे बंधनकारक करावे. मॉडेलनिहाय तक्रारी, विकल्या गेलेल्या गाड्यांच्या प्रमाणात, मराठीतून कोणालाही पाहता याव्यात. चौकशीत कंपनी निर्दोष ठरली तर तेही तितक्याच ठळकपणे जाहीर व्हावे. प्रामाणिक कंपनीला अफवेपासून वाचवणारे दुसरे साधन मला दिसत नाही. कंपन्या सुरुवातीला कुरकुरतील, हे गृहीत धरावे.

तिन्ही जॉबकार्डांच्या छायाप्रती आपल्या कार्यालयाकडे टपालाने स्वतंत्रपणे पाठवत आहे. गाडीचा क्रमांक त्यांवर आहे.

आपला,
एक वाहनमालक, सातारा