बँड दिसू लागला, त्याबद्दल

चि. मैत्रिणीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं नाव आणि हॅम रेडिओवरचं ओळखचिन्ह, म्हणजे कॉलसाइन, कुठेही लिहायचं नाही, असं तू बजावलं आहेस, म्हणून नुसतं 'मैत्रिणीस'. सकाळी चाळीस मीटर बँडवर, म्हणजे सात मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, जमणाऱ्या आपल्या मंडळींना कळायचं ते कळेलच. फोनवर आभार मानायला गेलो की "काका, त्यात काय एवढं" म्हणून तू विषय बदलतेस. मला त्यात पुष्कळ काही आहे असं वाटतं. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत.

मी तारखात्यातला माणूस. १९७९ साली नोकरीला लागलो तेव्हा कोकणातल्या लहान तारघरांत मोर्सचं, म्हणजे ठिपके-रेघांच्या संकेतांचं, कडकट्ट अजून चालू होतं. पुढे टेलिप्रिंटर आले, मोर्सची किल्ली खात्यातून गेली, तेव्हा मी हौशी रेडिओचा परवाना काढून ती घरात आणली. २०१३ च्या जुलैत तारसेवाच बंद झाली. त्या रात्री मी वीस मीटरवर उशिरापर्यंत बसून होतो. आयुष्यभर माझं सगळं कानांवर चाललं.

गेल्या पाच वर्षांत ते कान गेले. उजव्याने जवळजवळ काहीच नाही, डाव्याला श्रवणयंत्र आहे, आणि यंत्र लावून बँडवर बसलं की आधी खरखरच मोठी होते. लोकांना वाटतं, ऐकू येत नाही म्हणजे मोर्स उतरवता येत नाही. तसं नाही. स्वर सातशे हर्ट्झवरून पाचशेवर आणला आणि स्टेशन एकदा सापडलं, की मिनिटाला वीस शब्द मी आजही उतरवतो. जड जातं ते सापडणं. खरखरीत कुठे काही आहे का हे चाचपत दोनशे किलोहर्ट्झ पार करायचे, यात अर्धा तास जायचा. तोवर कान इतके शिणलेले असायचे की कोणी सापडलं तरी ऐकायला बळ उरायचं नाही. दिवाळीनंतर मी रिगवर, म्हणजे माझ्या रेडिओ संचावर, कापड टाकून ठेवलं होतं. हे तुला तेव्हा बोललो नव्हतो.

नेटवर, म्हणजे आपल्या सकाळच्या रेडिओ-बैठकीत, माझी हजेरी नाही म्हणून तूच फोन केलास. कानांचं ऐकून घेतलंस, हळहळली नाहीस, एवढंच विचारलंस की रिग कोणती. यूबिटएक्स म्हटल्यावर तुझा आवाज एकदम उजळला. हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आखलेला हा संच २०१७ साली आला तेव्हा मी घेतला होता. त्याचा सर्किटचा नकाशा उघडा आहे, कुठला भाग काय करतो हे कोणालाही वाचता येतं. आपल्या हौसेवर त्या माणसाचे उपकार फार मोठे आहेत. तू म्हणालीस, मग बँड संगणकाच्या पडद्यावर बघा, शोधायचं काम डोळ्यांना द्या, कान ऐकण्यासाठी राखून ठेवा.

मला वाटलं होतं, संगणकाला लावायचा एक आरटीएल-एसडीआर डोंगल घ्यायचा, अँटेना दोघांत वाटायची, झालं. तू तिथेच थांबवलंस. मूळचा टीव्हीसाठी बनवलेला हा डोंगल रेडिओ म्हणून वापरता येतो हे हौशी मंडळींनी २०१२ च्या सुमारास हेरलं खरं, पण तो साधारण २४ मेगाहर्ट्झच्या वरच नीट ऐकतो, म्हणजे सात मेगाहर्ट्झ त्याला थेट दाखवून उपयोग नाही. शिवाय मी दहा वॅटवर किल्ली दाबली आणि तो अँटेनेवरच असला, तर गेलाच. त्यापेक्षा संचाच्या पोटातून घ्या, म्हणालीस. यूबिटएक्समध्ये येणारा प्रत्येक सिग्नल आधी ४५ मेगाहर्ट्झवर चढवला जातो. डोंगल त्या ४५ वर एकदा बसवून दिला की हलवायचा नाही. डायल फिरवली की बँडच त्याच्यासमोरून सरकतो.

पण कुठून घ्यायचं, यातच सगळी मेख होती. ४५ मेगाहर्ट्झचा क्रिस्टल फिल्टर जेमतेम पंधरा किलोहर्ट्झ जाऊ देतो. त्याच्यानंतर तार जोडली असती तर पडद्यावर पंधरा किलोहर्ट्झची फट दिसली असती, बाकी अंधार. सिग्नल ४५ वर चढवणारा पहिला मिक्सर आणि त्यापुढचा अ‍ॅम्प्लिफायर ओलांडून, पण फिल्टरच्या आधी हात घालायचा, हे तू कागदावर लाल पेनने गोल करून दाखवलंस. तोही नुसती तार लावून नाही. काही पिकोफॅरडचा बारीक कपॅसिटर, मग जे३१० ट्रान्झिस्टरचा बफर, मग डोंगल. बफर नसता तर डोंगलच्या भाराने संचाचं ऐकणंच मंदावलं असतं आणि डोंगलची स्वतःची कुरकुर उलटी संचात शिरली असती. बफरची वीज फक्त ऐकताना जिवंत असणाऱ्या लाइनवरून घ्यायची, म्हणजे मी पाठवायला लागलो की तो आपोआप गप्प होतो. ही शेवटची युक्ती मला फार आवडली. एक तार इथून काढून तिथे लावायची, आणि एक वेगळा रिले वाचला.

टपालाने तुझं पाकीट आलं. दोन जे३१०, रेझिस्टर, कपॅसिटर, बारीक कोअ‍ॅक्स केबलचा वीतभर तुकडा आणि हाताने काढलेला नकाशा. तू बफर जोडून पाठवू शकली असतीस. तसं केलं नाहीस, कारण उद्या काही बिघडलं तर काकांना स्वतः उघडता आलं पाहिजे, असं तू काकूला सांगितलंस. ती हे मला अजून ऐकवते. अडुसष्टाव्या वर्षी माझ्यावर कोणी असा विश्वास टाकला, हे माझ्या मनात खोल जाऊन बसलं आहे. बोर्डावरचे भाग तांदळाच्या कणीएवढे. भिंग लावून, श्वास रोखून, एका दुपारी सोल्डरचा एकच टाका घातला. दुसऱ्या दुपारी दुसरा.

रात्री संगणकावर एचडीएसडीआर हे सॉफ्टवेअर उघडलं आणि पडद्यावर रेघा उमटल्या, पण सगळं उलटं! डायल वर नेली की सिग्नल भलत्याच बाजूला पळत. ७.२ च्या वरची प्रसारण केंद्रं उजवीकडे हवीत, ती डावीकडे जाऊन बसलेली. मला वाटलं, टाका चुकला. दहा वाजून गेले होते तरी तू फोन उचललास आणि मला पेन घ्यायला लावलंस. डायल ७.१०० वर म्हणजे आतला ऑसिलेटर, संचाची स्वतःची लहर बनवणारा भाग, ५२.१०० वर. मिक्सरने त्यातून ७.१०० चं स्टेशन वजा केलं की ४५.०००. आता ७.११० चं स्टेशन वजा करा. ४४.९९० आलं. वरचं खाली गेलं! सॉफ्टवेअरमध्ये आरसा फिरवणारी एक खूण असते, ती केली आणि बँड सरळ झाला. ती खूण कुठे आहे हे तू एका वाक्यात सांगू शकत होतीस. वजाबाकी करायला लावलीस म्हणून ती आता मला कायमची कळली आहे. राहिलेला दीड किलोहर्ट्झचा फरक डोंगलच्या क्रिस्टलचा निघाला, तो दुरुस्तीचा आकडा भरून मिटवला.

पुढचे आठ दिवस मी नुसता बघत होतो. ७.०७४ वर एफटी८ या संगणकी संदेशांचा दाट पट्टा. बोलणाऱ्यांचे पावणेतीन किलोहर्ट्झ रुंदीचे ढगासारखे डाग. आणि अगदी खालच्या टोकाला, सातच्या जवळ, बारीक तुटक रेघा. मोर्स! आयुष्यभर जे कानांनी ऐकलं ते वॉटरफॉलवर, पडद्यावरच्या सरकत्या चित्रात, वरून खाली उतरताना पाहिलं. एका रेघेवर टिचकी मारली, संच तिथे गेला, कानात स्वर आला आणि हात आपोआप पेन्सिलीकडे गेला. काकूने दारातून पाहिलं. तिने काही विचारलं नाही, चहा ठेवून गेली.

त्याच पडद्याने आणखी एक काम केलं, ते तुला अजून सांगितलेलं नाही. संध्याकाळी सात वाजले की बँडभर सारख्या अंतरावर जाड पट्टे उभे राहत. कानांना ती नुसती वाढलेली खरखर वाटायची, आणि मी वर्षभर ती माझ्या यंत्राच्या माथी मारली होती. एकेक बटण बंद करत घरभर फिरलो, काकू पडद्याजवळ बसून "आहे, आहे, अजून आहे" सांगत होती. ओटीवरच्या दिव्याचा स्वस्तातला अ‍ॅडाप्टर उपटला आणि ती ओरडली, "गेलं!" खरखर एकदम खाली बसली. यंत्र लावूनही बँड शांत वाटला, असं कित्येक महिन्यांनी घडलं.

आता रोज सकाळी नेटवर असतो, तू ऐकतेसच. दहा मीटर बँड उघडला आहे का, म्हणजे तिथे दूरची स्टेशनं येताहेत का, हे आता हाक मारून बघावं लागत नाही, एक नजर टाकली की कळतं. परवा तिथे एकच फिकट रेघ होती, एवढी फिकट की डायल फिरवत गेलो असतो तर नक्की ओलांडून पुढे गेलो असतो. थांबलो, ऐकलं. जपानचा एक म्हातारा निघाला, सावकाश, स्वच्छ किल्ली. वीस मिनिटं बोललो. त्यालाही ऐकू कमी येतं, म्हणाला.

तू पाठवलेला दुसरा जे३१० मी जपून ठेवला होता. तो आता नेटवरच्या एका मित्रासाठी काढला आहे. त्याच्याकडेही यूबिटएक्स आहे आणि त्याचेही कान माझ्यासारखेच. बफर मी जोडतो आहे. पहिल्या टाक्याचा फोटो पाठवतो, एकदा बघून घे आणि चुकलं असेल तर सरळ सांग. मे महिन्यात मात्र इकडे यायचं. हापूसची पेटी पाठवणार नाही, तू यायचं आणि झाडाखाली बसून खायचा. तुझ्या त्या लाल गोलाचा कागद मी चौकटीत घालून रिगच्या वर लावला आहे, तोही बघशील.

७३ (आपल्या हॅम भाषेतल्या शुभेच्छा),
तुझा काका